ताक फुंकून प्यावे, पण प्यावे



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. इशाची नमाज आटोपून आम्ही घरी आलो, तर दस्तरखान मांडलेला आणि घरातली सगळी माणसे गप्प. विचारले तेव्हा कळले की खालांच्या सुनेचा फोन येऊन गेला. तिच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फीचा पहिला हप्ता 35 हजार रुपये, आणि तो भरायला आठ दिवस उरले होते. घरात तेवढी रक्कम नव्हती.

मुलगी शिकते आहे ही तर आनंदाची बातमी. मग आमचे घर गप्प का झाले? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. या मुलीच्या वडिलांना, म्हणजे आमच्या खालांच्या मुलाला, आम्ही सहा वर्षांपूर्वी जुनी टमटम घेण्यासाठी 80 हजार रुपये उसने दिले होते. वर्षभरात परत करतो, असे ते म्हणाले होते. टमटम आली, चालली आणि पुढे विकलीही गेली, पण पैसे आले नाहीत. आम्ही दोनदा विचारले. तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा एका वलीम्यात चार माणसांसमोर त्यांनी आम्हाला ऐकवले की पैशासाठी नातेवाइकांच्या दारात उभी राहणारी माणसे आम्ही. त्याच वर्षी आमच्या अम्मींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन करायचे होते. हातात पैसे नसल्यामुळे ते आठ महिने लांबले. त्या आठ महिन्यांत अम्मी कुरआन शरीफ उघडून बसत आणि अक्षरे दिसेनात म्हणून मिटून ठेवत. ते आम्ही रोज पाहत होतो.

म्हणून मुलांच्या अम्मी म्हणाल्या, "अहो, एकदा झाले ते पुरे. दुधाने तोंड पोळले आहे. आता तरी ताक फुंकून प्या." त्यांचे काहीच चुकत नव्हते. आमच्या थोरल्या मुलाने तर हदीसच सांगितली की मोमिनाला एकाच बिळातून दोनदा डंख बसत नाही. खरे सांगायचे तर ती हदीस ऐकून आम्हाला बरे वाटले. नकार मनात आधीच ठरला होता. त्याला आता धर्माचा आधारही मिळाला.

अम्मी तेवढा वेळ तसबीह फिरवत बसल्या होत्या. उठताना त्या एवढेच म्हणाल्या, "बेटा, पैसे नाहीत म्हणून देत नाहीस, की राग आहे म्हणून देत नाहीस, एवढं एकदा स्वतःशी ठरव."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

सकाळी फजरनंतर आम्ही पहिल्यांदा त्या हदीसकडेच वळलो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली ही हदीस अस्सल आहे, यात शंका नाही. पण ती कोणत्या प्रसंगी सांगितली गेली? सीरतच्या ग्रंथांत येते की अबू अज्जा नावाचा मक्केचा एक कवी बद्रच्या लढाईत कैद झाला होता. आपण गरीब आहोत, घरी मुली आहेत, असे त्याने विनवले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्याला खंडणी न घेता सोडून दिले. पुन्हा मुस्लिमांविरुद्ध उभा राहणार नाही, असा त्याने शब्द दिला होता. पण पुढच्याच वर्षी तो उहुदच्या मोहिमेत शत्रूबरोबर आला, पुन्हा पकडला गेला आणि पुन्हा तीच विनवणी करू लागला. तेव्हाचे हे बोल आहेत. आम्ही मात्र तीच हदीस खालांच्या नातीच्या फीला लावत होतो. शत्रू शस्त्र घेऊन परत आला होता. इथे एक मुलगी प्रवेशपत्र घेऊन उभी होती. आणि डंख मारलाच असेल तर तो तिने मारला नव्हता.

मग सूरह यूसुफ उघडली. ही सूरह आपण कितीतरी वेळा वाचली आहे. वाचताना आपले लक्ष हजरत यूसुफ (अ.) यांच्याकडे असते. त्या दिवशी आम्ही ती पित्याच्या बाजूने वाचली.

हजरत याकूब (अ.) यांचा अनुभव काय होता? मुलांनी धाकट्या यूसुफला खेळायला नेतो म्हणून मागून घेतले, सांभाळण्याची हमी दिली आणि रात्री खोटे रक्त लावलेला सदरा घेऊन रडत आले. वर्षे लोटली. दुष्काळ पडला. तीच मुले धान्य आणायला मिसरला गेली आणि परत येऊन म्हणाली की आता बिन्यामीनलाही आमच्याबरोबर पाठवा, त्याच्याशिवाय धान्य मिळणार नाही, आम्ही त्याला सांभाळू. शब्द तेच, माणसे तीच. याहून कडू अनुभव कोणत्या बापाचा असेल?

याकूब (अ.) यांनी तो अनुभव लपवला नाही. पूर्वी याच्या भावाच्या बाबतीत तुमच्यावर विश्वास ठेवला होता, तसाच आता ठेवू का, असे त्यांनी मुलांना तोंडावर विचारले. पण ते तिथेच थांबले नाहीत. त्याच वाक्याला जोडून ते म्हणाले की खरा रक्षक अल्लाहच आहे आणि तो सर्वांत दयाळू आहे. मग त्यांनी मुलांकडून अल्लाहला साक्ष ठेवून शपथ घेतली. निघताना सांगितले की सगळे एकाच दरवाजाने शहरात जाऊ नका, वेगवेगळ्या दरवाजांनी जा. आणि लगेच हेही सांगितले की अल्लाहच्या निर्णयापुढे माझी ही काळजी तुम्हाला वाचवू शकत नाही, माझा भरवसा त्याच्यावरच आहे.

इथे आम्ही थांबलो. जुना अनुभव त्यांच्या ध्यानात होता, म्हणून तर त्यांनी शपथ घेतली आणि वेगवेगळे दरवाजे सुचवले. पण भरवसा ठेवायचा तो कुणावर, हे त्या अनुभवाला विचारले नाही. त्यांचा भरवसा मुलांवर नव्हता, त्यांच्या शपथेवरही नव्हता. तो अल्लाहवर होता. म्हणूनच ज्या मुलांनी एकदा फसवले होते, त्यांच्या हाती ते दुसरा मुलगा देऊ शकले.

पुढे काय झाले तेही आपल्याला माहीत आहे. बिन्यामीनही परत आला नाही. वरवर पाहता अनुभवच खरा ठरला. आपल्यापैकी कुणी असते तर म्हणाले असते, 'बघा, मी सांगितले नव्हते?' याकूब (अ.) यांचे डोळे दुःखाने पांढरे झाले. तरी त्यांनी मुलांना पुन्हा पाठवले आणि सांगितले की यूसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेबाबत निराश होऊ नका. ज्या वाटेवर दोन मुले गमावली, त्याच वाटेवर त्यांनी बाकीच्यांना पुन्हा पाठवले. आणि त्याच वाटेने यूसुफ (अ.) यांचा सदरा आला आणि डोळ्यांना दृष्टी परत मिळाली. बिन्यामीनला अडवून ठेवणे हा यूसुफ (अ.) यांच्या भेटीचाच मार्ग होता, हे त्या दिवशी घरात बसलेल्या पित्याला कोणत्या अनुभवाने सांगितले असते?

अनुभव मागचे सांगतो. पुढचे फक्त अल्लाह जाणतो.

कुणी म्हणेल की ते पैगंबर होते, आम्ही साधी माणसे. म्हणून आता मदीनेतल्या एका घराची गोष्ट पाहू. ती तर अगदी आपल्या घरासारखी आहे.

मिस्तह बिन उसासा (रजि.) हे हजरत अबू बकर (रजि.) यांच्या मावसबहिणीचे पुत्र. मक्केहून हिजरत करून आलेले, बद्रच्या लढाईत भाग घेतलेले, पण हलाखीत दिवस काढणारे. त्यांचा खर्च अबू बकर (रजि.) चालवत. अशात एका मोहिमेवरून परतताना उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांचा हार हरवला. तो शोधण्यात त्या मागे राहिल्या आणि मागून येणाऱ्या एका सहाबींनी त्यांना आपल्या उंटावर बसवून काफिल्यापर्यंत आणले. मुनाफिकांच्या म्होरक्याने यावरून बदनामीची आग लावली. ती पसरवणाऱ्यांत काही साधे मुसलमानही सापडले. त्यांत मिस्तह होते. ज्यांच्या घरचे अन्न खात होते, त्यांच्याच लेकीच्या अब्रूवर ते बोलले.

आयशा (रजि.) तेव्हा आजारी होत्या. त्यांना या गोष्टीचा पत्ताही नव्हता. एका रात्री मिस्तह यांच्या आईबरोबर त्या बाहेर गेल्या असता त्या माउलीचा पाय चादरीत अडकला आणि तिच्या तोंडून आपल्याच मुलासाठी शाप निघाला. बद्रमध्ये लढलेल्या माणसाला शाप देता, असे आयशा (रजि.) यांनी उलट तिलाच म्हटले. तेव्हा त्या आईने सगळे सांगितले. पुढच्या रात्री आयशा (रजि.) यांनी रडून काढल्या. साधारण महिनाभर हे चालले. शेवटी सूरह नूरच्या आयती उतरल्या आणि अल्लाहने स्वतः त्यांचे निर्दोषत्व जाहीर केले.

अबू बकर (रजि.) यांनी शपथ घेतली की यापुढे मिस्तहवर एक पैसाही खर्च करणार नाही. आपल्यापैकी कोणता बाप याला चूक म्हणेल? आमचे 80 हजार गेले होते आणि वलीम्यात चार शब्द ऐकावे लागले होते. इथे तर मुलीची अब्रू पणाला लागली होती. अनुभवाने निकाल द्यायचा असता, तर हाच निकाल योग्य होता.

पण त्याच सूरहची 22वी आयत उतरली. ज्यांना अल्लाहने सुबत्ता दिली आहे, त्यांनी नातेवाईक, गरजू आणि अल्लाहच्या मार्गात घर सोडून आलेल्यांना काही न देण्याची शपथ घेऊ नये, माफ करावे, सोडून द्यावे, असा तिचा आशय आहे. आणि शेवटी एक प्रश्न आहे: अल्लाहने तुम्हाला माफ करावे, असे तुम्हाला वाटत नाही का? हा प्रश्न ऐकल्यावर अबू बकर (रजि.) यांनी मला ते नक्कीच हवे आहे असे म्हणत मिस्तह यांचा खर्च पुन्हा सुरू केला, आणि आता तो कधीही बंद करणार नाही असे सांगितले. मिस्तह सुधारले का, आधी माफी मागतील का, अशी अट त्यांनी घातली नाही. आज्ञा आली आणि शपथ मागे पडली.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे. माफ करणे म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणे नव्हे. बदनामी पसरवणाऱ्यांना, त्यांत मिस्तह यांनाही, ठरलेली शिक्षा झाली असे रिवायतींत येते. शिक्षा झाली आणि त्यांची भाकरीही बंद झाली नाही. आज कुणाच्या घरात मुलीवर हात उचलला जात असेल, तिला छळले जात असेल, तर 'सबुरी धर, अल्लाहवर भरवसा ठेव' म्हणून तिला तिथेच ढकलणे हा तवक्कुल नाही. जुलूम थांबवणे हीदेखील अल्लाहचीच आज्ञा आहे.

मग अनुभवाची जागा कोणती? इस्लामने अनुभवाला कमी लेखले नाही. मदीनेचे शेतकरी खजुरीच्या नर-झाडाचा मोहर मादी-झाडाला लावत. प्रेषित (स.) यांनी त्यावर साधे मत व्यक्त केले, लोकांनी ते काम सोडले आणि त्या वर्षी फळ कमी आले. तेव्हा प्रेषित (स.) यांनीच सांगितले की दुनियेच्या अशा कामांतले तुम्ही अधिक जाणता. म्हणजे शेती, व्यापार, औषधोपचार यांतला अनुभव वापरायचाच आहे. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे एकाने विचारले, तेव्हा आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असेच त्याला सांगितले गेले. आणि उसनवारीबद्दल तर सूरह बकराची 282वी आयत आहे. कुरआनातली ही सर्वांत मोठी आयत. तिच्यात कर्ज लिहून ठेवा, मुदत लिहा, साक्षीदार ठेवा, असे सांगितले आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही 80 हजार रुपये तोंडी दिले होते. नात्यात कशाला लिहायचे, म्हणून. आज्ञा आम्हीच मोडली होती आणि दोष मात्र सगळा नात्याला देत बसलो होतो.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की काम कसे करावे हे अनुभव सांगतो, पण करावे की नाही हे अल्लाहच्या आज्ञेवरून ठरते. आपण या दोहोंची अदलाबदल करतो. मागच्या वर्षी जकात दिली आणि धंदा बसला, म्हणून या वर्षी जकातीचा हिशेबच करत नाही. शेजारच्या घरी बहिणीला वाटा दिला आणि जमीन तुटली, म्हणून आपल्या बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतो. व्याजाशिवाय आजवर कुणाचे दुकान उभे राहिले आहे, असे विचारतो आणि बँकेचे कागद भरतो. प्रत्येक ठिकाणी पुरावा म्हणून आपण अनुभवच पुढे करतो.

अनुभव फक्त भीतीच घालतो असेही नाही. तो गाफीलही करतो. बद्रला मुस्लिम अवघे 313च्या आसपास होते आणि समोर सुमारे एक हजार. तिथे विजय मिळाला. हिजरी 8 मध्ये मक्का जिंकल्यावर लगेच हुनैनला निघाले तेव्हा ते 12 हजार होते. इतक्या संख्येने हरणार कसे, असे काहींना वाटले. पहाटे खोऱ्यात शिरताच दडून बसलेल्या हवाजिन तिरंदाजांनी मारा सुरू केला आणि ते सैन्य विस्कटले. प्रेषित (स.) जागेवर ठाम उभे होते. हजरत अब्बास (रजि.) यांनी हाका मारून लोकांना परत बोलावले, मग अल्लाहची मदत आली. सूरह तौबामध्ये या दिवसाची आठवण दिली आहे. म्हणून ज्याचा अनुभव गोड आहे, त्यानेही त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

आता आमच्या घरी काय झाले ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोहल्ल्यातल्या आलिम साहेबांना विचारले. ते म्हणाले की आई-वडिलांना आणि स्वतःच्या मुलांना जकात देता येत नाही, पण चुलत-मावस नात्यातल्या गरजूला देता येते. त्यात सदक्याचाही सवाब आहे आणि नाते जोडल्याचाही. मुलगी सज्ञान आहे, रक्कम तिच्या हातात द्या, असेही त्यांनी सांगितले. आमच्याकडे जकातीचे 15 हजार बाजूला ठेवलेले होते. उरलेल्या 20 हजारांसाठी आम्ही हिशेब करत बसलो असताना मुलांच्या अम्मींनी कपाटातून भिशीचे पैसे आणून पुढे ठेवले. म्हणाल्या, "हे मी उसने देत नाही, देऊन टाकते. म्हणजे पुन्हा वाट बघायला नको." आम्ही त्यांच्याकडे पाहतच राहिलो. आदल्या रात्री सर्वांत जास्त राग त्यांनाच होता.

पैसे मुलीच्या हातात दिले आणि आम्ही तिच्याबरोबर कॉलेजच्या खिडकीपर्यंत गेलो. पावती झाली तेव्हाच परतलो. हे आमचे ताक फुंकणे.

जुन्या 80 हजारांचे काय? कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवलतीची मुदत द्या आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, असे कुरआन सांगतो. सगळे सोडून देण्याएवढे आमचे मन अजून मोठे झालेले नाही, हे कबूल करतो. आम्ही भावाला घरी बोलावले, कागद केला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. महिन्याला एक हजार ठरले. ते मान खाली घालून बसले होते. वलीम्यातल्या त्या बोलण्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत आणि आम्हीही काढले नाही. तीन महिने हजार-हजार रुपये आले. चौथ्या महिन्यापासून पुन्हा थांबले.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. वाचकांना वाटेल की आज्ञा पाळली म्हणजे भाऊ सुधारला, पैसे परत आले, सगळे गोड झाले. तसे झाले नाही. एका सहाबींनी प्रेषित (स.) यांना सांगितले होते की मी नातेवाइकांशी नाते जोडतो आणि ते तोडतात, मी भले करतो आणि ते वाईट वागतात. त्यांनाही नातेवाईक सुधारतील असे आश्वासन मिळाले नाही. असेच वागत राहशील तोवर अल्लाहकडून एक सहायक तुझ्यासोबत राहील, एवढे त्यांना सांगितले गेले. आम्हाला तेवढे पुरे वाटते.

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. ईदला आली होती. अम्मींच्या डोळ्यांत औषध घालून गेली. कसे घालायचे ते कॉलेजात शिकवले आहे म्हणाली. अम्मींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आमच्याकडे पाहिले. बोलल्या काही नाहीत.

बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरात असा एखादा फोन येऊन गेला असेल. एखादा भाऊ, एखादी नणंद, एखादा जुना भागीदार, ज्याचे नाव निघताच घर गप्प होते. जुने विसरा असे आम्ही म्हणत नाही. याकूब (अ.) विसरले नव्हते. कागद करा, साक्षीदार ठेवा, रक्कम जेवढी झेपेल तेवढीच द्या, नसेल तर नाही म्हणा. पण नाही म्हणण्याआधी आमच्या अम्मींचा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहा.

हे अल्लाह, आमच्या अनुभवातून आम्हाला शहाणपण दे, पण त्याला तुझ्या आज्ञेच्या आड येऊ देऊ नकोस. ज्यांनी आम्हाला दुखावले त्यांना माफ करण्याचे बळ दे, आणि ज्यांना आम्ही दुखावले त्यांच्या मनात आमच्यासाठी दया घाल. आमीन.